पाटानं प्यायलेलं पाणी

‘पाळी’ हा शब्द आमच्याकडे बायकासुद्धा भर रस्त्यात ओरडून म्हणतात. पाणीसंस्थेत नवा इंजिनिअर आला, तेव्हा त्याच्या टेबलासमोर उभी राहून मी म्हटलं, "माझी पाळी आलीय आणि तुमचा माणूस जागेवर नाही." पोरगा कानापर्यंत लाल झाला. "बाई, तुम्ही आधी बसा. पाणी देऊ का?" म्हणाला. "पाणीच तर मागतेय मघापासून," मी म्हटलं. शेवटी पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याने आत येऊन उलगडा केला, तोवर अख्खं ऑफिस पोट धरून हसत होतं.

तर पाळी म्हणजे कालव्याचं पाणी आपल्या पाटात वळवून घ्यायची आपली वेळ. आठवड्यातून एकदा येते. चुकली की पुढचा आठवडा आकाशाकडे बघत काढायचा, आणि आकाशाकडे बघून आमच्याकडे फक्त मान दुखते. म्हणून इथे जमिनीला कोणी विचारत नाही. जमीन हवी तेवढी उन्हात तापत पडलीय. भावंडं एकमेकांना पाण्यात पाहतात ती पाळीवरून. पाळी जमिनीपासून तोडून विकता येते, भाड्याने देता येते, आणि ती गेली की मागे उरलेल्या जमिनीवर फार तर क्रिकेट खेळता येतं.

आमच्या घराची पाळी एकच होती. वडिलांनी तिचे दोन सारखे भाग केले, एक दादाला आणि एक मला. वरच्या अंगाला दादाची डाळिंबाची बाग, खालच्या अंगाला माझी रोपवाटिका. कालव्यापासून आमच्यापर्यंत येणारा पाट मात्र एकच. मातीचा, खडकाळ माळाला वळसा घालून येणारा, चालत आलं तर धाप लागेल इतका लांब. आठवडाभर तो कोरडा पडून भेगाळतो. कालव्यावरचं दार उघडलं की पहिलं पाणी पुढे सरकायच्या आधी त्या भेगांत जातं, उंदरांच्या बिळांत जातं, काठच्या झाडांच्या मुळांशी जातं. याला आम्ही भिजवण म्हणतो. आणि पाळी संपून वरचं दार बंद झालं, तरी पाटात भरलेलं पाणी उताराने खाली येतच राहतं. ती निथळ. जो आधी पाणी घेतो त्याच्या नशिबी भिजवण, जो मागून घेतो त्याला वर निथळ फुकट.

वडिलांनी विचारलं होतं, "आधीचं कोणाला, मागचं कोणाला?" दादाने छाती पुढे काढली. "मोठा मी. पहिलं पाणी माझं." मी मान खाली घालून "बरं" म्हटलं. इतक्या गुणी मुलीसारखी मी आयुष्यात पुन्हा कधी वागले नाही. मला कळत होतं की नाही? कळत होतं. त्याला कोणी अडवलं होतं का? नव्हतं. त्याला मान हवा होता, मला पाणी हवं होतं, आणि ज्याला जे हवं ते मिळालं.

तेव्हापासून दर पाळीला दादा बांधावर उभा राहून बोंब मारायचा, "पाटानं माझं निम्मं पाणी ढोसलं!" आणि मी खालून ओरडायचे, "पाट काही पीत नाही! तुझ्या आळ्यांना भोकं आहेत, ती बुजव आधी!" जाणारे येणारे थांबून ऐकायचे. पाटकरी तर आमच्या आधीच दोघांचे संवाद म्हणून दाखवायचा. दादाचा आवाज त्याला जास्त चांगला जमायचा.

त्या दिवशी मी लिंबाची कलमं बांधत होते. वहिनी आली, उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसली आणि पदराने वारा घेत राहिली. वहिनी काही सांगायला येते तेव्हा आधी हवेबद्दल बोलते, मग माझ्या रोपांचं कौतुक करते. त्या दिवशी तिने गुलाबांचंसुद्धा कौतुक केलं. गुलाबांवर कीड पडली होती. मी समजले, काहीतरी मोठं आहे.

"वन्सं, यांनी पाळी विकायची ठरवलीय," ती म्हणाली.

"कोणाला?"

"टेकडीवर ती नवी वसाहत होतेय ना, त्यांना. हिरवळ करणार म्हणे, पोहायचा तलाव करणार. त्यांचा माणूस दोनदा येऊन गेला. यांचे गुडघे आता पार गेलेत हो. बागेतली निम्मी झाडं वाळली. मुलगा रोज फोन करतो, बाबा, आई, इकडे या. किती दिवस नाही म्हणायचं?"

त्यात खोटं काहीच नव्हतं. दादाला पायरी चढताना मी पाहिलं होतं, कठड्याला धरून, ओठ मिटून. माझ्या मनात आलं, जाऊ दे बिचाऱ्याला. सुखाने राहील. मी तसं म्हणणारही होते.

"तुमच्या पाण्याला कोणी हात लावणार नाही," वहिनी पुढे म्हणाली. "तुमचं तुमच्यापाशी. हे लोक त्यांचं पाणी कालव्यावरच पाइपने उचलणार, वरच्या वर टेकडीवर नेणार. आपल्या पाटाला त्रासच नाही."

माझ्या हातातली कलमाची सुरी थांबली. आपल्या पाटाला त्रास नाही, म्हणजे आपल्या पाटात ते पाणी येणार नाही. दादाचं पाणी पाटात आलं नाही, तर माझी पाळी लागेल तेव्हा पाट ठणठणीत कोरडा असेल. मग भेगा कोणाच्या पाण्याने भरणार? बिळं कोणाच्या? सगळी भिजवण माझ्या अंगावर, आणि उरेल त्या धारेत माझा हौद अर्धासुद्धा भरायचा नाही. पिशवीतल्या रोपाची मुळं वीतभर असतात. झाडासारखी ती खोल जाऊन पाणी शोधत नाहीत. एक उन्हाळ्याचा आठवडा ती कोरडी राहिली की संपलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं, हे अगदी शब्दशः.

"वहिनी," मी म्हटलं, "तुम्ही चहा घेऊन जा. मी दादाकडे जाऊन येते."

"आत्ता?"

"मग काय, तो गाडीत बसल्यावर जाऊ?"

दादा ओसरीत खुर्चीवर बसून गुडघ्याला मलम चोळत होता. मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आणि मग जे हसला ना, ते मला अजून टोचतं.

"पाट पीत नाही ना? माझ्या आळ्यांना भोकं आहेत ना? मग तुला कसली काळजी?"

"दादा, थट्टा पुरे."

"थट्टा तू केलीस. इतकी वर्षं मी तुझा पाट भिजवून दिला आणि वर तुझ्याच शिव्या खाल्ल्या. आता माझं पाणी मी विकतोय. माझं. वडिलांनी दिलेलं. तुझ्याकडे मागायला आलो नाही."

"तू सगळं विकू शकत नाहीस."

"का?"

"कारण सगळं तुला मिळतच नव्हतं!"

हे मी रागात बोलले. पण तोंडातून बाहेर पडल्यावर माझ्याच लक्षात आलं की मुद्दा हाच आहे. बागेत पाणी घ्यायच्या दादाच्या दारापर्यंत जे पोचलं ते दादाचं. त्याने ते विकावं, वाटावं, टेकडीवरच्या लोकांना पोहायला द्यावं. पण वाटेत पाट जे प्याला, ते त्याने कधी वापरलंच नाही. जे हातात आलं नाही ते विकणार कसं? दादाने मलमाच्या डबीचं झाकण लावलं आणि "सभेत बोल," एवढंच म्हणाला.

पाळी विकायची तर संस्थेच्या सभेने मान्यता द्यावी लागते, आणि ज्याचं नुकसान होईल त्याला हरकत घेता येते. मी त्याच संध्याकाळी हरकत नोंदवली. इंजिनिअरने या वेळी लाल न होता कागद पुढे केला.

आमचे हे शाळेची बस चालवतात आणि घरात ब्रेकचं काम करतात. जेवताना म्हणाले, "भावाशी भांडून काय मिळणार? आपण आपला पाइप टाकू."

"अहो, पाट ज्यांच्या शेतांतून येतो ते काठावरची झाडं वाळवून घेतील का आपल्यासाठी? एकही जण खोदू देणार नाही. आणि रोपवाटिका विकली तरी तेवढ्या लांबीचा पाइप व्हायचा नाही."

"मग?"

"मग काय, बोलणार. तोंड आहे मला."

"त्याबद्दल कोणाला शंका नाही," हे म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

सभेला हॉल भरला होता. एवढी माणसं आमच्यावरच्या प्रेमाने आली नव्हती. बऱ्याच घरांत अशीच अर्धी-अर्धी पाळी आहे, आणि टेकडीचा माणूस सगळ्यांच्या ओसऱ्यांवर बसून आला होता. आमचं जे होईल तेच उद्या त्यांचं होणार, हे प्रत्येकाला कळत होतं. त्या माणसाला मी हसरा म्हणते. त्याला कोणी मेल्याचं सांगितलं तरी तो आधी हसेल आणि मग वाईट वाटून घेईल. पांढरे बूट घालून तो पहिल्या रांगेत बसला होता. अध्यक्ष म्हणजे आमचे औषधवाले. शब्द मोजून देतात, गोळ्यांसारखे.

हसऱ्याने उभं राहून सांगितलं, "गोष्ट अगदी साधी आहे. कालव्यावर दोघांचे भाग सारखे. दादांचा भाग आम्ही घेतो, बाईंचा बाईंकडे राहतो. कोणाचा थेंबसुद्धा इकडचा तिकडे नाही."

लोकांनी माना डोलावल्या. ऐकायला ते बरोबरच वाटत होतं.

"कुठेतरी पाणी मुरतंय," अध्यक्ष हळूच म्हणाले. ते आपले नेहमीच्या अर्थाने बोलले होते.

"तेच तर सांगायला उभी राहिलेय!" मी उठले. "मुरतं! पाटात मुरतं! पाट माझ्या दादाचं निम्मं पाणी ढोसतो!"

दादा ताडकन उठला. गुडघे विसरून उठला. "पाट काही पीत नाही!" तो गरजला. "तिच्या आळ्यांना भोकं आहेत, ती बुजव म्हणावं आधी!"

मग मागून पाटकऱ्याचं हसू फुटलं, आणि पाठोपाठ सगळ्यांचं. अध्यक्षांनी रुमालाने तोंड झाकलं. नवरा छताकडे बघत होता. मला कळायला थोडा वेळ लागला. मी दादाचं वाक्य बोलले होते, शब्दाला शब्द, आणि दादा माझं. त्याच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण तो खाली बसला आणि कान चोळू लागला. मी बसले नाही. लोक हसले म्हणून बसणाऱ्यातली मी नाही.

"हसून झालं असेल तर पुढे बोलते," मी म्हटलं. "दादानं पाळी विकू नये असं मी म्हणत नाही. विकावी. पण त्याच्या दारात जेवढं पाणी पोचतं तेवढीच त्याची पाळी. बाकीचं पाटाचं. ते पाटातच सुटलं पाहिजे."

"कालव्यावर नोंद पूर्ण भागाची आहे," हसरा म्हणाला.

"नोंदीवर मी रोपं लावत नाही."

मागून एक जण म्हणाला, "खरं आहे बाईंचं. मीही मागूनचं पाणी घेतो." लगेच दुसरा म्हणाला, "तू गप. इतकी वर्षं निथळ फुकट खाल्लीस माझी." बघता बघता हॉलभर भाऊ भावांवर आणि नणंदा भावजयांवर उठल्या. अध्यक्षांनी घंटी वाजवून वाजवून तिचा लोलक तोडला. शेवटी इंजिनिअर उभा राहिला. "मोजू या ना," तो म्हणाला. "पुढच्या पाळीला दार उघडू, पाण्याबरोबर चालत जाऊ, दादांच्या दारात पाणी लागेपर्यंत त्यांच्या भागातलं किती सरतं ते पाहू. त्यात भांडायचं काय आहे?" भांडायला पुष्कळ होतं, पण कोणाला सुचलं नाही.

पाळीच्या आदल्या संध्याकाळी हे माझ्याजवळ येऊन कुजबुजले. "पाटात जरा कुदळ मारून येऊ का? माती भुसभुशीत झाली की चांगली पिते. कोणाला कळणार आहे?"

बसवाला माणूस, आयुष्यात कधी सिग्नल मोडला नाही, आणि माझ्यासाठी कुदळ घेऊन निघाला होता. मला त्यांचं कौतुक वाटलं आणि रागही आला. "काही नको," मी म्हटलं. "पाट पितोच. खऱ्या गोष्टीला खोटा टेकू लावला की खरंही पडतं."

सकाळी कालव्यावर जत्राच जमली. छत्री घेतलेले अध्यक्ष, गळ्यात स्टॉपवॉच अडकवलेला इंजिनिअर, पांढऱ्या बुटांतला हसरा, थर्मास घेऊन वहिनी, काठी टेकत दादा. "तू कशाला आलास गुडघे घेऊन?" मी म्हटलं. "गुडघे घरी ठेवता आले असते तर ठेवले असते," तो म्हणाला. त्या सभेनंतर आम्ही पहिल्यांदा बोललो ते एवढंच.

पाटकऱ्याने चक्र फिरवलं, दार वर गेलं, आणि पाणी पाटात उतरलं. आम्ही त्याच्याबरोबर चालू लागलो. कोरड्या पाटात पाणी धावत नाही. वाळकी पानं, काटक्या, मेलेल्या मुंग्या असा कचरा तोंडाशी ढकलत ते मांजराच्या पावलाने येतं. एखादी मोठी भेग लागली की थांबतं, भेगेतून बुडबुडे येतात, मातीतून चर्र असा आवाज येतो, आणि मग भेग भरली की पुन्हा पाच-सहा पावलं. आम्ही काठाने पुढे जायचो, उभे राहायचो, मागे वळून त्याची वाट बघायचो. माळाच्या वळणावर तर ते इतका वेळ अडलं की अध्यक्ष छत्री मिटून दगडावर बसले. हसऱ्याचं हसू जागेवर होतं, पण तो सारखा इंजिनिअरच्या घड्याळात डोकावत होता. मी आतून खूश होते. पी बाबा, पी, मी पाटाला मनात म्हणत होते. आज पोटभर पी.

वळण संपलं तिथे काठाला उंदराचं भलंमोठं बीळ होतं. पाणी त्याच्या तोंडाशी आलं आणि गरगरत आत जाऊ लागलं. आणि मी काय केलं? साडी खोचली, पाटात उडी मारली आणि बिळात पाय घालून उभी राहिले. "माती द्या! दगड द्या!" मी ओरडत होते. पलीकडून धप्प आवाज झाला. बघते तर दादा, काठी टाकून, गुडघ्यांसकट पाटात उतरलेला, दोन्ही हातांनी चिखल ओढतोय.

"टाच दाब, टाच! बोटांनी नाही थांबत ते!"

"मला शिकवतोस? तू तो दगड इकडे दे."

"तो नको, चपटा घे."

"चपटा वाहून जातो, किती वेळा सांगितलं!"

आम्ही बीळ बुजवलं, वरून चिखल लिंपला, थापटला. पाणी पुढे गेलं. तेव्हा कुठे मी मान वर केली. काठावर हसरा टाळ्या वाजवत होता. वाजवणारच. ते बीळ तसंच राहिलं असतं तर दादाचा अर्धा भाग तिथेच गेला असता आणि माझं म्हणणं आपोआप सिद्ध झालं असतं. मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेतला होता, आणि तो धोंडाही मीच मागून घेतला होता. हे काठावरून कपाळावर हात मारत होते. पण पाणी वाया जाताना बघत उभं राहणं मला येत नाही. ते शिकायचं माझं वय गेलं. दादाने हात धुतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "चांगलं लिंपलंस."

पुढचा पाट सोपा होता, पाणी जरा बऱ्या चालीने निघालं. दादाचं दार लांबून दिसू लागलं होतं. तिथे पाणी लवकर पोचलं, तर मी घरी जाऊन कोणती रोपं जगवायची आणि कोणती मरू द्यायची ते ठरवणार होते. लिंबं ठेवेन, गुलाब सोडेन, असं मनात चाललंही होतं. पण ठरवलं ते चालता चालता, थांबून नाही. हरले तरी पुढच्या सभेत पुन्हा हरकत घेणार होते, हेही त्याच चालण्यात ठरलं.

बागेच्या अलीकडच्या पट्ट्यात सगळी वाळवट आहे. तिथे पाणी पसरलं, पातळ झालं, आणि जवळजवळ दिसेनासं झालं. आम्ही दादाच्या दाराशी पोचून उभे राहिलो. दादा दाराच्या खांबाला टेकून पाटाकडे बघत होता. वहिनीने सगळ्यांना चहा दिला. चहा संपला. पेले परत गेले. पाणी आलं नाही. इंजिनिअरने घड्याळ पाहिलं, मग अध्यक्षांनी, मग हसऱ्याने, आणि या खेपेला बघताना हसऱ्याचे ओठ मिटलेले होते.

शेवटी पानांचा कचरा ढकलत एक करंगळीएवढी धार आली आणि दादाच्या दाराच्या फळीला लागली. इंजिनिअरने घड्याळ थांबवलं. "भागातला निम्म्याहून थोडा जास्त वेळ संपलाय," तो म्हणाला.

"बघितलंत?" दादा ओरडला. इतक्या मोठ्याने की बागेतली पाखरं उडाली. "बघितलंत सगळ्यांनी? पितो की नाही पाट? पितो की नाही? अरे, जन्मभर ओरडतोय मी! कोणी ऐकलं? सगळे हसायचे! आळशी म्हणायचे मला, माझी सख्खी बहीण आळशी म्हणायची! बघा आता, निम्म्याहून जास्त! लिहून घ्या!"

"दादा, दादा," हसरा त्याच्या बाहीला धरून म्हणाला, "अहो, यात तुमचंच नुकसान आहे."

"असू दे!" दादा म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "पण खोटा मी नव्हतो."

मी जिंकले होते. तो माणूस पहिल्या पाण्याचा मान घेऊन आयुष्यभर पाट भिजवत राहिला, आणि खरं बोलतोय हे सिद्ध व्हायला त्याला ते पाणी विकायला काढावं लागलं. "दादा, तू खरा होतास," मी म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं. "मला माहीत होतं."

"मलाही माहीत होतं, की तुला माहीत होतं," तो म्हणाला.

हसऱ्याने झाडाखाली जाऊन लांबलचक फोन केला. परत आला तो घसा साफ करत. दारात पोचतं तेवढंच पाणी त्यांची वसाहत घ्यायला तयार होती, भाव अर्थातच त्या मानाने. दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने मान डोलावली. "मुलगा आपल्याला काय पाळी बघून बोलावतोय?" ती म्हणाली.

अध्यक्ष बांधावर बसले, मांडीवर फाइल ठेवली. "म्हणजे दादांच्या भागातलं पोचणारं पाणी वसाहतीला. बाकीची भिजवण आधी पाटात सुटेल, मग बाईंची पाळी लागेल. आता ती भिजवण कोणाच्या नावावर लिहू? बिननावाचं पाणी कालव्यातून सोडता येत नाही."

मी आधीच विचार करून ठेवला होता. "संस्थेच्या नावावर लिहा," मी ताबडतोब म्हटलं. भावाच्या नावावर राहिलं की उद्या भाचा दुसऱ्या हसऱ्याला गाठणार, इतका हिशोब मला कळतो.

"माझ्या नावावर लिहा," दादा म्हणाला.

"दादा, ती विकता येणार नाही," इंजिनिअर समजावत म्हणाला. "कोणाच्या दारात पोचतच नाही, त्यामुळे वापरताही येणार नाही. नावावर घेऊन तुम्ही काय करणार?"

"काही नाही करणार." दादा खांबाला धरून हळूहळू खाली बसला. "बाग जाणार, पाळी गेली. मुलाकडे नळ सोडीन आणि पाणी पिईन. इथलं काहीतरी माझं राहू द्या. पाट पितो तेवढं तरी."

वहिनी थर्मासचं झाकण उगाच घट्ट करत राहिली. माझ्या तोंडाशी ‘संस्था’ हा शब्द पुन्हा आला होता, तो मी गिळला. पण फुकट काही सोडायचं नाही, हा माझा स्वभाव आहे आणि तो त्या दिवशीही जागेवर होता.

"लिहा त्याच्या नावावर," मी अध्यक्षांना म्हटलं. "पण ज्याच्या नावावर पाणी, त्याने पाटातला गाळ काढायला यायचं, हाही नियमच आहे ना? मग दर वर्षी यावं लागेल, दादा. येणार असशील तरच लिहायचं."

"त्यांचे गुडघे..." वहिनी म्हणाली.

"काठावर खुर्ची टाकून बसवा त्याला. खोरं मी मारीन. पण यायचं."

"आणि नाही आलो तर?" दादाने विचारलं.

"तर त्याच वर्षी हरकत घेऊन ते पाणी माझ्या नावावर करून घेईन. तुला कळवणारसुद्धा नाही."

दादाने चिखलाचा हात गुडघ्यावर पुसला. "तू घेशील," तो म्हणाला. "तू नक्की घेशील. म्हणजे मला यावंच लागणार."

अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं आणि दादाचं नाव लिहिलं.